आरस्पानी

भूपाल मगदूम बाजारातून भाजी आणायचा आणि घरी येऊन ती पुन्हा तोलायचा. वजन बरोबर भरलं की त्याचा संशय आणखी वाढायचा. वजनात फसवलं नाही म्हणजे भाजीवाल्याने दुसऱ्या कशात तरी हात मारला असणार! अशा माणसाच्या डोक्यावर कोणी नवं हेल्मेट ठेवायला आलं तर काय तमाशा होईल, हे भूपाल जिथे वेल्डर होता त्या कुपवाडच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी सगळे हातातलं काम टाकून बघायला जमले.

हेल्मेट घेऊन आली होती मेहजबीन शिकलगार. मिरजेची मुलगी, डोळे तपासायचं शिक्षण घेतलेली. कारखान्यांत फिरून वेल्डरला योग्य ते हेल्मेट निवडून द्यायचं आणि ते त्याच्या तोंडाला, डोळ्याला बेतून द्यायचं, यासाठी हेल्मेटच्या कंपनीने तिला नेमलं होतं. तिने टेबलावर तीन हेल्मेटं मांडली.

"काका, हे पहिलं तुमच्या ओळखीचं. काळी काच, अकरा नंबर. दुसऱ्यात आर्क पेटला की काच आपोआप काळी होते. आणि हे तिसरं, आरस्पानी."

तिसऱ्याला काचच नव्हती. समोर सपाट, बंद पत्रा आणि त्यात दोन बारीक भिंगं.

"ह्यातनं बघायचं कुठनं?" भूपालने ते उलटंपालटं करत विचारलं.

"तुम्ही बघायचं नाही. ते बघतं आणि तुम्हाला दाखवतं."

"म्हंजे मधी दलाल आला."

सगळे हसले. मेहजबीनही हसली, पण तिला हे प्रश्न रोजचेच होते. ती शांतपणे समजावू लागली. वेल्डिंगच्या ठिणगीचा, म्हणजे आर्कचा, उजेड इतका प्रखर असतो की तो सोसायचा तर काच काळी हवी, आणि काच काळी केली की उजेडाशेजारचं सगळं अंधारात बुडतं. वेल्डर आयुष्यभर एका ठिणगीभोवतीचं वीतभर जग बघून काम करतो. आरस्पानीची भिंगं एका क्षणात शेकडो चित्रं टिपतात, काही अगदी मंद, काही भडक. मंद चित्रातून आर्क घ्यायचा, भडक चित्रातून आजूबाजूचा पत्रा घ्यायचा, दोन्ही जोडून डोळ्यांपुढच्या चिमुकल्या पडद्यांवर दाखवायचं. खरा उजेड डोळ्यापर्यंत पोचतच नाही, पोचतं ते चित्र.

"आणि हे तुमच्यापुरतं असतं," ती म्हणाली. "कपाळाची पट्टी, नाकाचा उंचवटा, चष्म्याचा नंबर, सगळं तुमच्या मापाचं. पहिला आठवडाभर हे तुमचा डोळा शिकेल, मग तुमच्या कलाने वागेल. पुढेही शिकतच राहील."

"माझी बायको इतक्या वर्षांत न्हाई शिकली," भूपाल म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

त्याने अकरा नंबरची काचच मागितली असती. पण शेडचे मालक बिरनाळे मागे उभे होते. त्यांच्याकडे दुधाच्या मोठ्या टाक्यांची ऑर्डर होती. पत्र्यांच्या सरळ शिवणी हल्ली यंत्राचा हात मारायचा. जिथे यंत्राची मान वळत नाही ते कोपरे, तोट्यांचे गळे, झाकणाच्या कडा, तेवढंच माणसाकडे उरलं होतं, आणि त्यात भूपालचा हात धरणारा सांगली-मिरजेत कोणी नव्हता. गिऱ्हाइकाला प्रत्येक सांध्याचं चित्रण हवं होतं, आणि ते आरस्पानीतच होत होतं. बिरनाळे एवढंच म्हणाले, "मगदूम, घालून तर बघा."

त्याने घातलं, आणि आर्क पेटवला. वितळलेल्या धातूचं तळं त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण दिसलं. कडेची लाट, तारेचा थेंब त्यात विरघळताना, मागे थिजत जाणारा एकेक खवला, आणि हे सगळं भर दुपारच्या उजेडात. आपण आजवर चाचपडतच हे काम केलं, असं त्याला वाटलं. हेल्मेट काढल्यावर मात्र तो एवढंच म्हणाला, "बरं हाय. काय दिवस बघू."

ते काय दिवस लांबत गेले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि भूपाल आरस्पानीला जिवापाड जपू लागला. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ते मांडीवर असायचं. एक गोष्ट मात्र त्याने बदलली नाही. दोन पत्रे जोडायच्या आधी जागोजागी टॅक मारावे लागतात, बारीक थेंबाएवढे, पत्रा हलू नये म्हणून. एवढ्यासाठी हेल्मेट कोण खाली ओढतो? तेवढ्यापुरतं हेल्मेट वर, एक डोळा मिटलेला, एक किलकिला, आणि टक, टक, टक. शेडमधल्या सगळ्यांना त्यानेच हे शिकवलं होतं, आणि त्यातली खुबीही. आज उजवा डोळा उघडा ठेवायचा, उद्या डावा. म्हणजे एकाच डोळ्यावर ताण येत नाही, आळीपाळीने दोघांना विश्रांती मिळते. हा शोध आपला स्वतःचा आहे, याचा त्याला फार अभिमान होता.

हेल्मेटच्या आत सगळं स्वच्छ होतं. बिघडत होतं ते बाहेरचं.

आधी पेपरवाल्यांनी शाई वाचवायला सुरुवात केली. अक्षरं मधूनच गायब! भूपालने पेपर बदलला, दुसऱ्याचीही तीच लबाडी. मग शेजारचे चौगुले हात करून बोलायचे, पण त्यांच्या तोंडावर काय आहे याचा थांगच लागेना. नक्की ह्यांनी भिंतीच्या हद्दीचं काहीतरी मनात धरलंय, असं भूपालने ठरवून टाकलं. आणि मग पाळी आली त्रिशलाची.

त्रिशला त्याची बायको. चेहऱ्यावर सगळं उघडं असणारी बाई. रागावली की नाकपुड्या सांगायच्या, खूश असली की डोळे. तिचा चेहरा हल्ली कोरा झाला होता. केस दिसत, कानातल्या कुड्या दिसत, पदराचा काठ दिसे, पण मधल्या चेहऱ्यावर ना राग ना लोभ. तो सरळ तिच्या तोंडाकडे बघायचा तेव्हा तर काहीच कळायचं नाही. माणूस असा चेहरा करतो तो काही लपवायचं असलं तरच, हे भूपालला पक्कं माहीत होतं. तो तिच्या फोनवर कान ठेवू लागला. ती बहिणीशी बोलताना आवाज खाली आणते, हे त्याने टिपून ठेवलं. कारण काय असेल ते मात्र त्याला सुचेना, आणि कारण सुचत नाही म्हणजे प्रकरण मोठं असणार.

एका संध्याकाळी तिनेच विषयाला तोंड फोडलं.

"कोण हाय ती?"

"कोण?"

"मलाच इचारा आता. परवा गणपती पेठेत मी समोरनं आले, तुमच्याकडं बघून हसले. तुमी सरळ बाजूनं निघून गेलात. पंधरवड्यामागं इथं तुमच्यासमोर बसून मुकाट रडले मी, आईचा फोन आला तवा. तुमी माझ्या तोंडाकडं बघत वरण मागितलंत. माणूस असं कधी करतं ते मला कळतं."

"तू पेठेत न्हवतीस," भूपाल म्हणाला.

"होते."

"न्हवतीस. आणि रडलीबिडली न्हाईस तू. चेहरा दगडासारखा करून बसतीस महिनाभर, आणि वर मलाच बोल लावतीस?"

त्रिशला उठून आत गेली. भूपालला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून उठली. त्या रात्री दोघांनी आपापली ताटं वाढून घेतली.

दुसऱ्याच आठवड्यात आरस्पानीची बॅटरी उतरली. ती चार्ज होईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून भूपालने खुंटीवरचं जुनं हेल्मेट घेतलं, अकरा नंबरची काच पुसली आणि तोटीच्या गळ्यावर आर्क पेटवला. हिरवट उजेडाचं वर्तुळ दिसलं, पण त्याच्या मध्ये काही नव्हतं. काळं नाही, धुरकट नाही, नुसतं काही नव्हतं. जिथे बघायचं नेमकं तिथेच तळं नाहीसं होत होतं. त्याने हात पुढे नेला तो अंदाजाने, आणि शिवण बोटभर बाजूला गेली. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं.

पहिला संशय काचेवर. त्याने काच बदलली. मग तिसरी लावली. मग कोणीतरी सगळ्याच काचा बदलून ठेवल्या असणार, असं म्हणून त्याने शेजारच्या सिद्रामला हाक मारली. सिद्राम त्याच्याच हाताखाली शिकून तयार झालेला, आता स्वतः दोन पोरांचा बाप. त्याला त्या काचेतून सगळं नीट दिसत होतं.

एव्हाना आरस्पानी चार्ज झालं होतं. भूपालने ते घातलं, आणि तळं लख्ख! गेलेली शिवण त्याने पाच मिनिटांत दुरुस्त केली.

"सिद्राम, तू जरा हे घालून बघ."

सिद्रामने घातलं आणि लगेच टेबलाला धरलं. "काका, हे काय हो? सगळं सरकलंय ह्यात! मधलं मधी न्हाईच, वर एका अंगाला फेकलंय. मला गरगरायला लागलं!"

भूपालने हेल्मेट त्याच्या डोक्यावरून जवळजवळ हिसकावून घेतलं. त्याला आता सगळं कळलं होतं, निदान तसं वाटलं होतं. ह्या यंत्राने आपले डोळे खाल्ले. बाहेरचं बिघडवायचं आणि आत नीट दाखवायचं, म्हणजे माणूस जन्मभर बांधलेला! तो कामावरून तसाच उठला आणि रिक्षाने मिरजेला, मेहजबीन जिथे बसायची त्या कंपनीच्या दुकानी गेला.

"माझ्या डोळ्यांना काय केलंस तू?" दारातूनच त्याने विचारलं.

मेहजबीन उठून पुढे आली. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि चौकटी-चौकटींचा एक कागद समोर ठेवला. "एक डोळा झाका. मधल्या ठिपक्याकडे बघा. काय दिसतं?"

"चौकटी. ठिपका न्हाईच ह्यात."

"तुमच्या खिशात काही बारीक वस्तू आहे? तुमचीच द्या, नाहीतर मी जादू केली म्हणाल."

खिशात नट होता. त्याच्या देखत तिने तो कागदाच्या मधोमध ठेवला. भूपालने तिथे बघितलं. चौकटी होत्या, सरळ, अखंड. नट नव्हता. त्याने बोट लावलं, नट बोटाला लागला. त्याने नजर जरा वर सरकवली आणि नट खालच्या बाजूला उगवला. दुसऱ्या डोळ्यानेही तेच झालं.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध एक तीळभर जागा असते," मेहजबीन म्हणाली. "अक्षरं, चेहरे, बारीक काम, सगळं त्या जागेवर. ती जागा भाजली की तिथलं दिसेनासं होतं. पण भोक दिसत नाही. मेंदूला रिकामं आवडत नाही, तो आजूबाजूचं घेऊन ठिगळ लावतो. चौकटींच्या जागी चौकटी लावतो. चेहऱ्याच्या जागी नुसता कातडीचा रंग."

भूपालला त्रिशलाचा कोरा चेहरा आठवला.

"म्हंजे यंत्रानं न्हाई भाजलं?"

"यंत्रातून उजेड येतच नाही काका. टॅक मारताना हेल्मेट वर करता ना?"

"आळीपाळीनं करतो पण! आज हा डोळा, उद्या तो."

तिने कागदावरचा नट उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "एकच डोळा वापरला असता तर दुसरा वाचला असता."

ज्याचा आयुष्यभर अभिमान बाळगला ते हे होतं. भूपालने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. आपण स्वतःचेच नाही, सगळ्या शेडचे डोळे हाताने भाजले, हा विचार त्याला सहन होईना.

पण संशयी माणूस फार वेळ रडत नाही. "हेल्मेट माझा डोळा शिकतं म्हणालीस. मग ह्याला माहीत होतं."

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. जिथे दिसत नाही तिथलं चित्र ते उचलून डोळ्याच्या चांगल्या जागेवर ठेवतं. भाजलेली जागा वाढली की आणखी सरकवतं. तुमच्या लक्षातही येत नाही. काळ्या काचेत काम करत असता तर तुम्हाला दोन महिन्यांत कळलं असतं, डॉक्टरकडे गेला असता." तिचा आवाज बारीक झाला. "डोळ्यांची माहिती मालकाला जाते. मी बिरनाळेसाहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, टाक्या जाऊ देत, मग बघू. मी गप्प बसले. नोकरी होती."

"आणखी कुणाकुणाचं असं हाय?"

तिने मान खाली घातली. सिद्राम आणि बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, हे तेवढ्यावरून भूपालला कळलं.

दुसऱ्या दिवशी बिरनाळेंनी त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं. मेहजबीननेच सांगितलं असणार. त्यांनी रागबीग काही दाखवला नाही. उलट चहा मागवला, आणि टेबलावर एक जाडसर काड्यांचा चष्मा ठेवला.

"आरस्पानीचीच करामत आहे ही, पण दिवसभर घालायची. माणसं ओळखाल, पेपर वाचाल. बाजारात अजून आलेली नाही, तुमच्यासाठी मागवून घेतली. काम चालू राहील, पगार चालू राहील. फक्त शेडमध्ये बोभाटा नको. एकाचं ऐकून सगळे डोळे तपासायला निघाले तर टाक्या कोण पुऱ्या करणार? पावसाळ्यानंतर मी स्वतः सगळ्यांची तपासणी करतो."

भूपालने चष्मा घातला. बिरनाळेंच्या चेहऱ्यावर मिश्या आल्या, डोळे आले, काळजी आली. किती महिन्यांनी त्याला माणसाचा चेहरा दिसत होता! तो "बरं" म्हणाला आणि बाहेर पडला. सिद्राम एक डोळा मिटून टॅक मारत होता. भूपाल त्याच्याजवळून न थांबता पुढे गेला.

घरी त्रिशला स्वयंपाकघरात खाली बसून गवार निवडत होती. तो दारातच थांबला. ती दिसली, नाक, डोळे, गालावरचा तीळ, सगळी. आणि ती हसत होती, जुनं, मोकळं हसू. भूपालला इतका आनंद झाला की तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला आणि सगळं सांगत सुटला, नट, चौकटी, भाजलेली जागा, पेठेत न दिसलेली ती. आपण तिच्या फोनला कान लावत होतो, हेसुद्धा सांगितलं. सिद्रामजवळून गप्प पुढे गेलो, हे मात्र त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

ती हसतच होती.

भूपालने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला हसू येतंय?"

"मी हसत न्हाई."

"मला दिसतंय की! माझे डोळे गेलेत आणि तू हसतीस?"

"अहो, मी हसत न्हाई हो!" तिचा आवाज घोगरा होता. चेहरा मात्र तसाच प्रसन्न.

भूपालच्या मनात तो जुना संशय पुन्हा जागा झाला, पण या वेळी त्याने बरोबर माणूस धरला. त्याने तिथूनच मेहजबीनला फोन लावला. "पोरी, ह्या चष्म्यात चेहरा दिसतो तो खरा असतो का?"

"चांगल्या जागेवर सरकवलेलं चित्र जरा अंधुक असतं काका," तिकडून उत्तर आलं. "बारीकसारीक तपशील चष्मा भरतो. घरच्यांचे तुमच्या फोनमधले फोटो बघून."

फोनमध्ये त्रिशलाचे फोटो होते. लग्नातले, बाहुबलीच्या सहलीतले, नातवाच्या बारशाचे. फोटोत माणसं हसतातच. वेल्डिंगच्या तळ्याचे तपशीलही ते यंत्र असंच कुठूनतरी आणून भरत असेल का, असा प्रश्न त्याच्या मनात आला. त्याने चष्मा काढून फरशीवर ठेवला. त्रिशलाचा चेहरा पुन्हा कोरा झाला.

"हा उद्या बिरनाळेंना परत. आणि आधी सिद्रामला सांगायचं, मग बाकीच्यांना. नोकरी जाईल बहुतेक."

"जाऊ दे."

"तू रडतीस का हसतीस, मला सांगत जा."

"आणि मी खोटं सांगितलं तर?" त्रिशलाही काही कमी संशयी नव्हती, एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं लागणारच.

भूपालने चष्मा आणखी दूर सारला. मग नट कागदावर कसा उगवला होता ते त्याला आठवलं. त्याने तिच्या तोंडावरची नजर काढली आणि हळूहळू तिच्या डोक्यावरून मागे, भिंतीवरच्या डब्यांच्या फळीवर नेली. खालच्या बाजूला काहीतरी उमटलं. अंधुक होतं, कडा फुटलेल्या होत्या, पण चेहरा होता. तोंडाचे कोपरे खाली गेलेले. गालावर काहीतरी चकाकत होतं.

"रडतीस."

"कुठं बघताय तुमी? डब्यांकडं बघून काय सांगताय मला?"

"तुझ्याकडं बघायचं तर आता असंच बघावं लागणार. तोंडाकडं बघितलं की तू जातीस."

त्रिशलाने मागे वळून डब्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो तिच्या डोक्यावरून पलीकडेच बघत होता. तिने पदराने गाल पुसले आणि हात हलू नयेत म्हणून मांडीवर घट्ट धरले.

"आता? आता काय करते मी?"

भूपालने नजर फळीवरून हलू दिली नाही. खाली त्या अंधुक चेहऱ्यात काहीतरी गुलाबी बाहेर आलं.

"जीभ काढून दाखवतीस," तो म्हणाला.